प्रकल्प नोंदी: विंडोजच्या प्रॉपर्टींची नावं जर्मन, फ्रेंच आणि मराठीत कशी काढली

काम काय आहे ते आधी. चाकणच्या एका कारखान्यात तयार पार्टचे तपासणीचे फोटो काढतात, एका फोल्डरमधे टाकतात, आणि त्या फोल्डरवरून एक रिपोर्ट बनतो ज्यात फाइलचं नाव, फोटो कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्याने, मोजमाप, शेरा असे कॉलम असतात. फाइलबद्दलच्या अशा एकेका माहितीला विंडोज प्रॉपर्टी म्हणतं. रिपोर्ट बनतो इकडे, इंग्लिश विंडोजवर, पण वाचणारे तिघे वेगळे, एक जर्मनीतलं ऑफिस, एक फ्रान्समधलं, आणि तिसरे इथले शॉपफ्लोरवरचे सुपरवायझर ज्यांना मराठी हवंय. म्हणजे कॉलमचं नाव मशीनच्या भाषेत नको, वाचणाऱ्याच्या भाषेत पाहिजे, आणि तेही त्याच्या एक्सप्लोररमधे (विंडोजची फाइली बघायची खिडकी) दिसतं तेच पाहिजे, म्हणजे त्याला शोधाशोध करावी लागत नाही.

कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलीयत, टाइप करताना अर्थातच मूळ रोमन स्पेलिंग वापरा.

४ जानेवारी २०२५

आधीची स्क्रिप्ट ज्याने लिहिली तो आता नाहीये कंपनीत, ती उघडून बघितली. पॉवरशेलमधून (विंडोजची स्क्रिप्ट चालवायची सोय) शेल.ॲप्लिकेशन ऑब्जेक्ट घेतलाय, फोल्डर उघडलाय, आणि त्याच्या गेटडिटेल्सऑफ या फंक्शनला कॉलमचा नंबर देऊन माहिती काढलीय. फोटोची तारीख म्हणजे नंबर १२. ही पद्धत सगळीकडे दिसते आणि पाच मिनिटांत चालते म्हणून लोक वापरतात, पण हा नंबर कुठेच पक्का नाही. जुन्या विंडोज एक्सपीमधे तीच तारीख २५ नंबरला होती, तिच्यानंतरच्या व्हिस्टापासून पुढे १२ वर आली. व्हिडिओची लांबी एक्सपीत २१, विंडोज ७ मधे २७. फोल्डर कुठल्या प्रकारचा आहे त्यानेही फरक पडू शकतो.

नंबर नको म्हणून नावावरून शोधायचं असं ठरवलं. फाइलच्या जागी नल, म्हणजे काहीच नाही, दिलं की गेटडिटेल्सऑफ कॉलमचं शीर्षक देतं, मग शून्यापासून लूप फिरवायचा आणि 'डेट टेकन' सापडलं की थांबायचं. माझ्या मशीनवर मस्त चाललं. जर्मन विंडोजवर हेच शीर्षक 'आउफनामेडाटुम' असतं, त्यामुळे तिथे लूप शेवटपर्यंत फिरणार आणि हाती काही लागणार नाही. शिवाय इंग्लिशमधलं नावसुद्धा कायम नाहीये, एक्सपीत ते 'डेट पिक्चर टेकन' होतं.

अजून एक, लूप पहिलं रिकामं शीर्षक आलं की थांबेल असा लिहू नका. मधे मधे काही नंबरांना शीर्षकच नसतं आणि त्यांच्यापुढे पुन्हा भरलेले कॉलम सुरू होतात. विंडोज १० आणि ११ वर तीनशेच्या पुढेपर्यंत जावं लागतं.

५ जानेवारी

शीर्षकांचा प्रश्न बाजूला ठेवून आधी किंमती, म्हणजे कॉलममधली प्रत्यक्ष माहिती, नीट येतायत का बघू म्हटलं, तर तिथेच अख्खी सकाळ गेली. गेटडिटेल्सऑफ तारीख स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, म्हणून देतं, ती तारखेत बदलायला गेलो की एरर. स्क्रीनवर तारीख एकदम बरोबर दिसतेय, कॉपी करून नोटपॅडमधे टाकली तरी बरोबर दिसतेय. शेवटी स्ट्रिंगची लांबी छापली, आणि दिसणाऱ्या अक्षरांपेक्षा ती जास्त निघाली. एकेका अक्षराचा कोड छापल्यावर कळलं की मधे मधे यू+२००ई आणि यू+२००एफ घुसलेले आहेत. ही डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे लिहिण्याची न दिसणारी खूण असते, अरबी-हिब्रू वगैरेमधे तारीख उलटीपालटी दिसू नये म्हणून. ती काढून टाकल्याशिवाय नेहमीचा पार्सर (मजकुरातून तारीख ओळखणारा कोड) ती स्ट्रिंग घेत नाही.

काढून टाकली तरी त्या स्ट्रिंगमधे सेकंद नसतात. आमच्याकडे एका मिनिटात एकाच पार्टचे चार कोनांतून चार फोटो निघतात, क्रम लावायला सेकंद लागतातच. आणि तारखेचा साचा मशीनच्या रीजन सेटिंगप्रमाणे बदलतो तो वेगळाच, महिना आधी की दिवस आधी हे स्ट्रिंगकडे बघून कळणारच नाही. म्हणजे ही पद्धत माणसाला दाखवण्यासाठी आहे, प्रोग्रामला वाचण्यासाठी नाही. सोडून दिली.

११ जानेवारी

व्हिस्टापासून विंडोजमधे प्रॉपर्टी सिस्टम आहे आणि त्यात प्रत्येक प्रॉपर्टीला तीन ओळखी असतात. एक प्रॉपर्टी की, म्हणजे एक जीयूआयडी (लांबलचक, एकमेव ओळख क्रमांक) आणि एक आकडा. दुसरं कॅनॉनिकल नाव, उदाहरणार्थ सिस्टम.फोटो.डेटटेकन, हे कुठल्याही भाषेच्या विंडोजवर हेच राहतं. आणि तिसरं डिस्प्ले नेम, म्हणजे स्क्रीनवर दिसणारं नाव, जे भाषेप्रमाणे बदलतं. आत्तापर्यंत सगळी स्क्रिप्ट तिसऱ्या ओळखीवर उभी होती, ती पहिल्या दोनवर उभी करायची.

फोटोच्या तारखेची की बघताना एक फार सुंदर गोष्ट दिसली. जीयूआयडी १४बी८१डीए१ ने सुरू होतो आणि पुढचा आकडा आहे ३६८६७. हा आकडा हवेतून आलेला नाही, जेपेगच्या एक्झिफमधे (कॅमेरा फोटोसोबत लिहून ठेवतो ती माहिती) फोटो काढल्याच्या वेळेचा जो टॅग आहे त्याचाच तो नंबर आहे, हेक्समधे (सोळाच्या आधाराने लिहिलं तर) ९००३. कॅमेरा मॉडेल २७२, कॅमेरा बनवणारा २७१, ओरिएंटेशन (फोटो आडवा की उभा) २७४, हेही सगळे एक्झिफचेच नंबर. त्यामुळे फोटोच्या बाबतीत की वाचून कळतं की माहिती फाइलमधे नेमकी कुठे बसलीय. एखादी किंमत विचित्र दिसली की आता मी सरळ एक्झिफ दाखवणाऱ्या टूलमधे तो टॅग बघतो आणि चूक फाइलमधे आहे की माझ्या कोडमधे हे लगेच ठरतं.

किंमतीसाठी गेटडिटेल्सऑफ च्या जागी एक्सटेंडेडप्रॉपर्टी वापरलं, त्याला थेट कॅनॉनिकल नाव देता येतं. तारीख खरीखुरी तारीख म्हणून येते, सेकंदांसकट, न दिसणाऱ्या खुणा नाहीत.

१२ जानेवारी

काल खूश होतो, आज रात्रपाळीचे फोटो तपासले तर तारीख आदल्या दिवसाची. कारण एक्सटेंडेडप्रॉपर्टी वेळ यूटीसीमधे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, देतं. आपली वेळ साडेपाच तास पुढे, म्हणजे दुपारी चारचा फोटो साडेदहाचा दिसतो, तिथे निदान तारीख तरी बरोबर राहते, पण पहाटे तीनचा फोटो आदल्या रात्री साडेनऊवर जातो आणि पाळीच बदलते. तपासणीच्या रिपोर्टमधे पाळी चुकली तर चुकीच्या माणसाला जाब विचारला जाईल, त्यामुळे हे बारीकसारीक म्हणून सोडण्यासारखं नव्हतं. टूलोकलटाइम लावून ठीक झालं.

इथे एक लक्षात ठेवा, नुसत्या त्या तारखेच्या टॅगमधे टाइमझोन नसतो. विंडोज ती वेळ मशीनच्या झोनमधली समजून यूटीसीत बदलतं. म्हणजे चाकणचे फोटो जर्मनीच्या मशीनवर उघडून पुन्हा लोकल केले तर घड्याळातली वेळ तीच येईल, पण यूटीसीची किंमत एका मशीनवरून दुसऱ्यावर पाठवली आणि तिकडे लोकल केली तर चुकेल. आम्ही रिपोर्टमधे चाकणची वेळच लिहितो आणि कॉलमच्या नावापुढे तसं नमूद करतो.

१८ जानेवारी

आता मूळ मुद्दा, डिस्प्ले नेम. त्यासाठी पीएसगेटप्रॉपर्टीडिस्क्रिप्शनबायनेम ला कॅनॉनिकल नाव द्यायचं, त्यातून आयप्रॉपर्टीडिस्क्रिप्शन मिळतं, त्यावर गेटडिस्प्लेनेम. पॉवरशेलमधून हे करायला थोडं सीशार्प (एक प्रोग्रामिंग भाषा) आत घालावं लागतं, ॲडटाइप वापरून.

पहिल्याच वेळी पॉवरशेलची खिडकी काही न बोलता बंद झाली. कारण असं की सीशार्पमधे इंटरफेस, म्हणजे मेथडची (फंक्शनची) यादी, लिहिताना त्यात फक्त गेटडिस्प्लेनेम लिहिलं होतं, बाकीच्या मेथड लागणार नाहीत म्हणून गाळल्या होत्या. पण कॉममधे (विंडोजचे भाग एकमेकांना बोलावतात ती पद्धत) मेथड नावाने नाही, क्रमाने बोलावली जाते. खरा क्रम आहे गेटप्रॉपर्टीकी, गेटकॅनॉनिकलनेम, गेटप्रॉपर्टीटाइप आणि मग चौथी गेटडिस्प्लेनेम. मी एकच लिहिल्यामुळे ती पहिली धरली गेली, म्हणजे प्रत्यक्षात गेटप्रॉपर्टीकी चाललं, आणि त्याने स्ट्रिंगचा आठ बाइटचा पॉइंटर ठेवायच्या जागेत वीस बाइटची की लिहून टाकली. मेमरी खराब, प्रोसेस खल्लास. वापरायच्या नसल्या तरी आधीच्या तिन्ही मेथड क्रमाने लिहा, नंतरच्या गाळल्या तरी चालतात.

स्ट्रिंग पॉइंटर म्हणून घेत असाल तर कोटास्कमेमफ्री ने मोकळी करायची, आउट स्ट्रिंग म्हणून घेतली तर डॉटनेट स्वतः करतं.

संध्याकाळपर्यंत इंग्लिश नावं येऊ लागली. सगळ्या प्रॉपर्टींची यादी हवी असेल तर पीएसएन्युमरेटप्रॉपर्टीडिस्क्रिप्शन्स आहे. त्याला 'सगळ्या' म्हणून सांगितलं तर शेकडो येतात आणि त्यातल्या बऱ्याच आतल्या वापराच्या असतात, त्यांना डिस्प्ले नेमच नसतं आणि कॉल फेल होतो. तो फेल पकडून पुढे जायचं, थांबायचं नाही. मी व्ह्यूएबल हा फिल्टर लावला, यादी बरीच आटोपशीर झाली.

१९ जानेवारी

जर्मन नावं. वाटलं होतं थ्रेडची (चालू कोडच्या धाग्याची) भाषा बदलली की झालं, सेटथ्रेडप्रिफर्डयूआयलँग्वेजेस ला डीई-डीई (जर्मनचा कोड) दिलं, फंक्शनने यशस्वी सांगितलं, आणि नावं सगळी इंग्लिशच आली. बराच वेळ फ्लॅग बरोबर आहे का, स्ट्रिंगच्या शेवटी दोन नल आहेत का हेच बघत बसलो. ते सगळं बरोबर होतं.

नावं जिथे असतात ती जागा म्हणजे सिस्टम३२ च्या आत भाषेच्या फोल्डरमधली प्रॉपसिस.डीएलएल.एमयूआय ही फाइल. माझ्याकडे ईएन-यूएस च्या फोल्डरमधे ती होती, डीई-डीई मधे नव्हती, कारण जर्मन भाषा पॅकच टाकलेला नव्हता. फंक्शन फक्त पसंती नोंदवून घेतं, त्या भाषेची फाइल आहे का हे बघत नाही, आणि नसेल तर विंडोज गुपचूप पुढच्या भाषेवर जातं. यात एरर नाही, इशारा नाही. म्हणून आता माझी स्क्रिप्ट नाव मागण्याआधी ती एमयूआय फाइल तिथे आहे का हे बघते आणि नसेल तर तिथल्या तिथे थांबते. नुसतं 'इंग्लिशसारखंच आलं म्हणजे फेल' असं तपासू नका, 'व्हर्जन' सारखे शब्द जर्मनमधेही तेच असतात.

भाषा पॅक टाकायला गेलो तर लॅपटॉपवर विंडोज होम सिंगल लँग्वेज. आपल्याकडे दुकानातून घेतलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर हीच आवृत्ती येते आणि तिच्यात डिस्प्लेची दुसरी भाषा घेता येत नाही. होममधे हायपर-व्ही पण नसतं, म्हणजे विंडोजच्या आत दुसरं विंडोज (व्हीएम) चालवायची सोय. मग तेच काम करणारं व्हर्च्युअलबॉक्स, ते फुकट आहे, ७ व्या आवृत्तीपासून त्यात टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) पण मिळतं जे विंडोज ११ ला लागतं. विंडोज ११ एंटरप्राइझची ९० दिवसांची चाचणी आवृत्ती घेतली, तीही फुकट. खर्च फक्त डिस्कचा, किमान ६४ जीबी जागा मागतं आणि माझ्या एसएसडीवर तेवढी नव्हती, एक बाहेरची डिस्क घ्यावी लागली. शिवाय आयएसओ (विंडोज टाकायची फाइल) आणि भाषा पॅक धरून डाउनलोड बराच, घरचं नेट लावूनच करा, मोबाइलच्या डेटावर नको.

२५ जानेवारी

व्हीएममधे जर्मन, फ्रेंच, मराठी तिन्ही टाकल्या. थ्रेडची भाषा बदलत एकाच प्रोसेसमधे सगळ्या भाषा काढता येतील का हा विचार सोडून दिला. हे काम रोज करायचं नाहीये, एकदाच नीट करायचंय, त्यामुळे जिथे शंकेला जागाच नाही तो रस्ता घेतला. डिस्प्ले भाषा जर्मन केली, साइन आउट, साइन इन, स्क्रिप्ट चालवली, यादी फाइलमधे. मग फ्रेंच, तसंच. मग मराठी. हळू आहे, पण एक्सप्लोरर उघडून डोळ्याने ताडून बघता येतं की यादीतलं नाव आणि कॉलमवरचं नाव एकच आहे. जर्मनमधे बदलाच्या तारखेला 'एंडरुंग्सडाटुम', कॅमेरा मॉडेलला 'कामेरामोडेल', फ्रेंचमधे बदलाच्या तारखेला 'मोदिफिए ल', सगळं जुळलं.

मराठी जुळवायला वेळ लागला. मराठी हा भाषा इंटरफेस पॅक आहे, पूर्ण पॅक नाही, म्हणजे तो इंग्लिशवर बसवलेला असतो आणि जेवढं भाषांतर आहे तेवढंच मराठीत दिसतं, बाकी खालचं इंग्लिश वर येतं. त्यामुळे इथे एमयूआय फाइल असली तरी प्रत्येक नाव मराठीच असेल असं धरता येत नाही. नावात एकतरी देवनागरी अक्षर आहे का हे तपासून यादीत एक वेगळा कॉलम केला, 'सिस्टमचं' की 'हाताने'. जी इंग्लिश राहिली ती शॉपफ्लोरवरच्या दोघा सुपरवायझरांना दाखवली. त्यांचं म्हणणं स्पष्ट होतं, आम्ही जे बोलतो ते लिहा, 'साइज' ला 'साइज'च ठेवा. तसंच ठेवलं. मला हा भाग मनापासून आवडला, कारण रिपोर्ट त्यांनी वाचायचाय, आणि आत्तापर्यंत त्यात काय लिहावं हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

२६ जानेवारी

यादी सीएसव्हीत (साध्या मजकुरातलं टेबल) काढली, उघडली तर मराठीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. विंडोज पॉवरशेल ५.१ मधे एक्सपोर्ट-सीएसव्ही सांगितलं नाही तर आस्कीमधे (ज्यात फक्त इंग्लिश अक्षरं बसतात) लिहितं, देवनागरी गेली ती गेलीच, फाइलमधून परत काढता येत नाही. एन्कोडिंग यूटीएफ८ दिलं की ५.१ सुरुवातीला बीओएमही (एन्कोडिंग ओळखायची खूण) लिहितं, तो हवाच, नाहीतर एक्सेल डबल क्लिकने उघडताना वाचायला चुकतं.

तीच गोष्ट स्क्रिप्टच्या फाइलची. ५.१ ला बीओएम नसलेली स्क्रिप्ट दिली तर तो मशीनच्या जुन्या कोडपेजने (अक्षरांच्या जुन्या तक्त्याने) वाचतो, त्यामुळे स्क्रिप्टमधे लिहिलेला जर्मन उमलाउट (वर दोन टिंबं असलेलं अक्षर) किंवा मराठी शब्द बिघडतो. मी स्क्रिप्टमधे एकही भाषेतला शब्द ठेवला नाहीये, सगळं बाहेरच्या टेबलमधे. आणि जर्मन एक्सेल कॉलम वेगळे करायला स्वल्पविराम नाही, अर्धविराम बघतं, म्हणून तिकडची फाइल अर्धविरामाने काढतो.

१ फेब्रुवारी

टेबल तयार. प्रत्येक ओळीत प्रॉपर्टी की, कॅनॉनिकल नाव, भाषा, नाव, आणि ते सिस्टमचं की हाताने. रिपोर्ट बनवणारा प्रोग्राम आतमधे फक्त कॅनॉनिकल नावावर चालतो, डिस्प्ले नेम फक्त शेवटच्या टप्प्यावर टेबलमधून लावतो, कुठेही त्यावरून शोधत नाही, दोन वेगळ्या प्रॉपर्टींना एकच नाव असू शकतं हेही एक कारण.

वापरणाऱ्याच्या मशीनवरून थेट नाव का घेत नाही असं जर्मनीतून विचारलं. तिकडे बनवलेला आणि इकडे बनवलेला रिपोर्ट शब्दाला शब्द सारखा यायला हवा म्हणून. त्यांना ते पटलं.

आज एक राहिलेलं लक्षात आलं, फक्त कॉलमची नावं नाही, काही किंमतीही भाषेत असतात. ओरिएंटेशन, फ्लॅश वगैरे आतमधे आकडा असतात आणि दाखवताना शब्द. हे शब्दही मिळतात, त्याच आयप्रॉपर्टीडिस्क्रिप्शनवर गेटएनमटाइपलिस्ट, त्यातल्या प्रत्येकाची गेटव्हॅल्यू आणि गेटडिस्प्लेटेक्स्ट. इथेही मेथडचा क्रम पूर्ण लिहावा लागतो. यासाठी टेबलला अजून एक आकड्याचा कॉलम जोडला आणि व्हीएममधे तिन्ही भाषांत पुन्हा साइन इन करून यादी काढली.

८ फेब्रुवारी

याच धाग्याने कारखान्याच्या बाकीच्या स्क्रिप्ट चाळल्या, दोन जागी हाच आजार निघाला. एकात फोल्डरची परवानगी 'एव्हरीवन' या नावाने दिली होती, जर्मन विंडोजवर तो ग्रुप 'येडर' असतो, म्हणून नावाऐवजी एस-१-१-० हा एसआयडी (भाषेप्रमाणे न बदलणारा ओळख क्रमांक) घातला. ॲडमिनिस्ट्रेटर ग्रुपसाठी एस-१-५-३२-५४४. दुसऱ्यात प्रोसेसरचा परफॉर्मन्स काउंटर (कामाचं मोजमाप देणारा) इंग्लिश नावाने जोडला होता, तिथे पीडीएचॲडकाउंटर च्या जागी पीडीएचॲडइंग्लिशकाउंटर टाकलं, ते व्हिस्टापासून आहे आणि कुठल्याही भाषेच्या मशीनवर इंग्लिश नाव घेतं.

व्हीएमची मुदत एप्रिलमधे संपते. यादी काढायची स्क्रिप्ट, ती कुठल्या विंडोज बिल्डवर चालवली तो नंबर, आणि तिन्ही भाषांच्या कच्च्या फाइली टेबलशेजारीच ठेवल्यात. पुढच्या मोठ्या अपडेटनंतर नवी व्हीएम करून पुन्हा काढायच्या आणि जुन्याशी फरक बघायचा. ज्या नावांसमोर 'हाताने' लिहिलंय त्यांना हात लावायचा नाही, ती सुपरवायझरांना विचारूनच बदलायची.